हिपॅटायटिस बी विषाणूची भारतातली जनुकीय विविधता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीनोटाइपचा रिपोर्ट हातात आलेले रुग्ण, सिक्वेन्सिंग (विषाणूच्या जनुकांची अक्षरे वाचणे) पहिल्यांदाच करणारे विद्यार्थी आणि ‘आमच्या भागात कोणता प्रकार आहे’ असे विचारणारे डॉक्टर, या तिघांचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. आपल्या कामाचा नसलेला भाग खुशाल वगळा.

‘पांढरी कावीळ’ म्हणतात ती हीच का?

बोलण्यात हिपॅटायटिस बीला पांढरी कावीळ म्हणतात खरे, पण त्या नावाने घोटाळाच जास्त होतो. विषाणू अंगात वर्षानुवर्षे असलेल्या बहुतेकांना कधी कावीळ झालेलीच नसते. रक्तदानाच्या वेळी किंवा गरोदरपणातल्या तपासणीत एचबीएसएजी (विषाणूच्या पृष्ठभागाचे प्रथिन) पॉझिटिव्ह आले की तेव्हाच कळते. पावसाळ्यात दूषित पाण्याने गावभर पसरते ती कावीळ ए किंवा ई विषाणूची. बी पसरतो रक्तातून, असुरक्षित सुईतून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने तो लागत नाही.

जीनोटाइप म्हणजे काय? किती आहेत?

या विषाणूचा जनुकसंच सुमारे ३,२०० अक्षरांचा, म्हणजे न्यूक्लिओटाइडांचा आहे. दोन विषाणूंच्या संपूर्ण जनुकसंचात साधारण ८ टक्के किंवा त्याहून जास्त फरक असेल तर ते वेगळे जीनोटाइप मानतात. फरक ४ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर एकाच जीनोटाइपचे उपप्रकार. १९८८ मध्ये ए, बी, सी, डी असे चार गट मांडले गेले, मग एच पर्यंत यादी वाढली. आय आणि जे नंतरचे. आय स्वतंत्र धरावा की नाही यावर वाद झाला, कारण सी पासून त्याचे अंतर त्या ८ टक्क्यांच्या रेषेवरच घुटमळते. जे तर बोर्निओत राहिलेल्या एका जपानी रुग्णात सापडला, त्यामुळे त्याचा संसार एका नमुन्यावर उभा आहे.

लांबीसुद्धा थोडी खूण देते. बी आणि सी ३,२१५ चे, ए ३,२२१ चा, डी ३,१८२ चा आणि जी ३,२४८ चा. डी आखूड आहे कारण प्रीएस१ (पृष्ठभागाच्या प्रथिनाच्या जनुकाचा एक तुकडा) भागाच्या सुरुवातीची ३३ अक्षरे त्यात नाहीत. स्वतःच्या सिक्वेन्सला सॉफ्टवेअरने डी म्हटले आणि ती ३३ अक्षरे मात्र जागेवर आहेत, असे दिसले तर थांबून पुन्हा बघा.

डीएनएचा विषाणू आहे, तरी इतका का बदलतो?

कारण तो स्वतःची प्रत थेट डीएनएवरून काढत नाही. आधी आरएनए बनतो आणि मग विषाणूचे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज त्यावरून पुन्हा डीएनए लिहिते. या एन्झाइमला प्रूफ तपासायची सवय नाही; चूक झाली की ती तशीच पुढे जाते. रोज अब्जावधी विषाणू तयार होतात म्हटल्यावर चुकांची कमतरता नाही.

पण सगळ्या चुका टिकत नाहीत. जनुकसंचाच्या या छोट्या वर्तुळात चार जनुके एकमेकांवर चढवून बसवली आहेत. पॉलिमरेजचे, म्हणजे याच प्रत काढणाऱ्या एन्झाइमचे जनुक एस जनुकाला (पृष्ठभागाच्या प्रथिनाच्या जनुकाला) पूर्णपणे झाकते. म्हणजे एकच अक्षर दोन वेगवेगळ्या प्रथिनांच्या मजकुरात मोडते. एकीकडे चालणारा बदल दुसरीकडे विषाणूलाच मारक ठरू शकतो. म्हणून हिपॅटायटिस बी एचआयव्हीपेक्षा हळू बदलतो, पण नेहमीच्या डीएनए विषाणूंपेक्षा बराच जलद.

भारताला स्थानिक प्रादुर्भावाचा प्रदेश म्हणतात, ते कशावरून?

लोकसंख्येतले एचबीएसएजी पॉझिटिव्हचे प्रमाण २ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर प्रादुर्भाव कमी, २ ते ७ टक्के असेल तर मध्यम, ८ आणि वर असेल तर जास्त. भारत मध्यम गटात येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग होता. चीनच्या खालोखाल हा आकडा. मात्र देशाची सरासरी फसवी आहे. काही आदिवासी समूहांत हे प्रमाण सरासरीच्या कितीतरी पट आहे, आणि जनुकीय विविधतेची गोष्ट खरी रंगते ती तिथेच.

मग भारतात कुठे कोणता जीनोटाइप सापडतो?

ढोबळ उत्तर सगळ्यांना पाठ असते: भारतात डी, सोबत थोडा ए. उत्तर, पश्चिम आणि दक्षिण भारतासाठी ते बऱ्यापैकी खरे आहे. इथला ए बहुतेक ए१ असतो, जो पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतही आहे. युरोपातला ए२ त्याहून वेगळा. हिंदी महासागराच्या दोन्ही काठांवर एकच उपप्रकार असल्यामुळे जुन्या जलमार्गांशी त्याचा संबंध जोडला जातो. तर्क मोहक आहे, पण कोण कुठून कुठे गेला हे ठरवायला दोन्ही काठांवरचे संपूर्ण जनुकसंच लागतात. एस जनुकाच्या तुकड्यावर असला इतिहास लिहू नये.

पूर्वेकडे गेलो की चित्र बदलते. पश्चिम बंगाल आणि ईशान्येत ए आणि डी बरोबर सी ठळकपणे दिसतो, जो आग्नेय आशियाचा नेहमीचा रहिवासी. डी चे उपप्रकारही एकसारखे पसरलेले नाहीत: डी१, डी२, डी३ बऱ्याच ठिकाणी, तर डी५ पूर्व भारतात विशेष करून आढळला.

अरुणाचल प्रदेशाचे उदाहरण आमच्या मते सर्वांत बोलके. २००८ मध्ये व्हिएतनाम आणि लाओसमधल्या नमुन्यांवरून आय जीनोटाइप मांडला गेला, तेव्हा तो ‘नवा’ वाटला. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अरुणाचलमधल्या आदिवासींचे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीचे जपून ठेवलेले रक्तनमुने तपासले आणि त्यांतही आय निघाला. नाव नवे, विषाणू जुना. फ्रीझरमधल्या जुन्या सीरमच्या बाटल्या जागा अडवतात म्हणून फेकायला निघालेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

अंदमान आणि निकोबारमध्ये तर काही बेटांच्या अंतरात जीनोटाइप बदलतो. निकोबारी लोकांमध्ये डी आढळला, जारवा लोकांमध्ये सी. दोन्ही समूहांत प्रमाण खूप जास्त. निकोबारींत २० टक्क्यांहून अधिक, तर तपासलेल्या जारवांमध्ये निम्म्याहून अधिक लोक पॉझिटिव्ह होते. लहान, बाहेरच्यांशी फारसे न मिसळलेल्या समूहात एकदा विषाणू शिरला की तोच पिढ्यानपिढ्या फिरत राहतो.

महाराष्ट्रात?

प्रामुख्याने डी, त्याखालोखाल ए. पश्चिम भारतातल्या रुग्णांवर पुण्याच्या याच संस्थेने केलेल्या अभ्यासात जीनोटाइप आणि आजाराची तीव्रता यांचा ठोस संबंध दिसला नव्हता. मुंबईपुण्याकडे देशभरातून माणसे येतात, त्यामुळे तिथल्या एखाद्या रुग्णात सी निघाला तर चूक झाली असे गृहीत धरू नका. आधी त्याचे आणि त्याच्या आईचे मूळ गाव विचारा.

माझ्या रिपोर्टवर ‘जीनोटाइप डी’ लिहिले आहे. डी वाईट असतो का?

त्या अक्षरावरून तुमचे भविष्य ठरत नाही. तुमचे वय, रक्तातले विषाणूचे प्रमाण, एएलटी (यकृताची इजा दाखवणारी रक्ततपासणी), यकृताचा घट्टपणा, सोबत मधुमेह, दारू, एचआयव्ही किंवा डेल्टा (हिपॅटायटिस डी, हा वेगळाच) विषाणू आहे का, घरात कोणाला यकृताचा कर्करोग झाला होता का, या गोष्टी कितीतरी जास्त सांगतात.

उपचारापुरते बोलायचे तर टेनोफोविर आणि एन्टेकाविर ही रोजची गोळी सर्व जीनोटाइपवर सारखीच चालते. फरक पडतो तो पेगिलेटेड इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांत. आठवड्याला एक याप्रमाणे ४८ आठवडे चालणाऱ्या या उपचाराला ए आणि बी जास्त चांगला प्रतिसाद देतात, सी आणि डी कमी. म्हणजे इंटरफेरॉनचा विचार चालू असेल तरच जीनोटाइप तपासणीवर खर्च करण्यात अर्थ आहे. गोळीच घ्यायची ठरली असेल तर तेच पैसे व्हायरल लोड (विषाणूचे प्रमाण) आणि फायब्रोस्कॅनवर (यकृताचा घट्टपणा मोजणारी तपासणी) खर्च करा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाच्या उपचार केंद्रांत तपासण्या आणि औषधे मोफत मिळतात; तिथे आधी चौकशी करावी.

एचबीईएजी निगेटिव्ह आहे, म्हणजे विषाणू शांत झाला ना?

भारतात हा गैरसमज महाग पडतो, आणि त्यामागे जीनोटाइपचाच हात आहे. म्हणून जरा सविस्तर.

एचबीईएजी हे विषाणूने रक्तात सोडलेले प्रथिन. ते नाहीसे झाले की बहुतेकदा विषाणूची वाढ मंदावलेली असते. पण जनुकसंचातल्या १८९६ व्या जागी जी ऐवजी ए आला (ही डीएनएची अक्षरे, जीनोटाइप नव्हेत), तर टीजीजी हा कोडॉन, म्हणजे तीन अक्षरांचा शब्द, टीएजी होतो. टीएजी म्हणजे पूर्णविराम. प्रथिन अर्ध्यावर तुटते, एचबीईएजी बनत नाही, आणि विषाणू मात्र वाढतच राहतो. तपासणी निगेटिव्ह, आजार चालू.

हा बदल प्रत्येक जीनोटाइपला परवडत नाही. त्या जागेचा आरएनए स्वतःवरच दुमडून एक गाठ तयार करतो, आणि नवी प्रत बांधण्यासाठी ती गाठ घट्ट असावी लागते. गाठीत १८९६ ची जोडी १८५८ शी जमते. डी जीनोटाइपमध्ये १८५८ ला टी हे अक्षर असते. बदलानंतर टी आणि ए ही जोडी जमते, गाठ उलट अधिक पक्की होते. ए जीनोटाइपमध्ये १८५८ ला सहसा सी हे अक्षर असते. सी ची जोडी जी शी उत्तम, ए शी मात्र जमत नाही. गाठ सैल पडते आणि असा विषाणू मागे पडतो. म्हणून भूमध्य समुद्राच्या काठापासून भारतापर्यंत जिथे जिथे डी आहे, तिथे एचबीईएजी निगेटिव्ह पण सक्रिय आजार भरपूर दिसतो. ए१ कडे एचबीईएजी कमी करण्याच्या वेगळ्या वाटा आहेत: १८०९ ते १८१२ दरम्यानचे आणि १८६२ वरचे बदल. याशिवाय १७६२ आणि १७६४ या जागांवरचे जोडबदल अनेक जीनोटाइपमध्ये येतात आणि यकृताच्या कर्करोगाच्या वाढत्या धोक्याशी त्यांचा संबंध आहे.

व्यवहारात अर्थ एवढाच: एचबीईएजी निगेटिव्ह आले म्हणून फाइल बंद करू नका. डीएनएचे प्रमाण आणि एएलटी दर सहा महिन्यांनी तरी बघा. डीएनए २,००० आययू (आंतरराष्ट्रीय एकके) प्रति मिलीपेक्षा जास्त आणि एएलटीही वाढलेले असेल तर उपचाराची चर्चा व्हायलाच हवी.

सी जीनोटाइपची एवढी काळजी का करतात?

सी मध्ये एचबीईएजी जास्त वर्षे टिकतो, बऱ्याचदा बाईच्या बाळंतपणाच्या वयातही. रक्तात विषाणू भरपूर असताना मूल झाले की विषाणू आईकडून बाळाकडे जाण्याची शक्यता वाढते. भारताच्या डी आणि ए असलेल्या भागांत लहानपणी घरातल्या किंवा आसपासच्या माणसांकडून होणारा संसर्गही मोठा वाटा उचलतो. ईशान्येत गरोदर बायकांच्या तपासणीवर म्हणून अधिक जोर हवा. डीएनए २ लाख आययू प्रति मिली किंवा त्याहून जास्त असेल तर दुसऱ्या तिमाहीपासून टेनोफोविर देतात. ही शिफारस जीनोटाइप बघून बदलत नाही.

लस एका जीनोटाइपपासून बनते. मग ती बाकीच्यांवर चालते का?

चालते. यीस्टमध्ये बनवलेल्या बहुतेक लसी ए२ च्या एस प्रथिनावर बेतलेल्या आहेत, पण शरीर ज्या भागाला मुख्यतः ओळखते तो ‘ए डिटरमिनंट’ (इथला ए जीनोटाइपचा नव्हे) सगळ्या जीनोटाइपांत जवळपास सारखा असतो. त्या भागातला प्रसिद्ध बदल म्हणजे १४५ व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) दोन्ही वेळेवर मिळूनही संसर्ग झालेल्या काही बाळांमध्ये तो सापडतो. तपासणीची काही किट अशा विषाणूचा एचबीएसएजी पकडत नाहीत, ही त्यातली अधिक त्रासाची बाब. असे बदल लसीकरण हाणून पाडतील असे कुठेही दिसलेले नाही.

प्रत्यक्षात लस हुकते ती उशिरामुळे. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस, मग ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून. आई पॉझिटिव्ह असेल तर १२ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन दुसऱ्या मांडीत. २००२-०३ मध्ये काही शहरे आणि जिल्ह्यांत सुरू झालेली ही लस २०११ पासून देशभर सार्वत्रिक लसीकरणात आहे. बाळाचा जन्म रविवारी झाला, लस देणारी सिस्टर सोमवारी येणार, हे कारण विषाणूला समजत नाही.

प्रयोगशाळेत जीनोटाइप ठरवतात कसा?

रक्त ईडीटीए ट्यूबमध्ये ३ ते ५ मिली घ्या. हेपॅरिनची हिरव्या झाकणाची ट्यूब चालत नाही. हेपॅरिन पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) अडवते आणि तुम्ही दोन दिवस प्रायमरला (प्रत जिथून सुरू होते त्या छोट्या डीएनए तुकड्याला) दोष देत बसता. शक्यतो सहा तासांत प्लाझ्मा वेगळा करा, ५०० मायक्रोलिटरचे दोन-तीन भाग करून उणे ७० किंवा उणे ८० अंशांवर ठेवा. भाग करायचे ते एकच ट्यूब पुन्हा पुन्हा वितळवायला लागू नये म्हणून.

सिलिका कॉलमने २०० मायक्रोलिटर प्लाझ्मातून डीएनए काढा. विषाणू कमी असेल तर शेवटी ५० मायक्रोलिटरमध्येच उतरवा, म्हणजे द्रावण पातळ होणार नाही. मग एस जनुकाच्या ४०० ते ७०० अक्षरांच्या तुकड्यासाठी नेस्टेड, म्हणजे दोन फेऱ्यांची पीसीआर: पहिल्या फेरीत ५ मायक्रोलिटर डीएनए, दुसऱ्या फेरीत पहिल्याचे १ ते २ मायक्रोलिटर, साधारण ३५ चक्रे. दीड टक्क्याच्या ॲगारोज जेलवर एकच स्वच्छ बँड दिसला की शुद्ध करून दोन्ही बाजूंनी सँगर सिक्वेन्सिंग करा. टोकाची ३० ते ५० अक्षरे भरवशाची नसतात, ती कापा.

पुढे जागतिक डेटाबेसमधून प्रत्येक जीनोटाइपचे आणि उपप्रकाराचे संदर्भ सिक्वेन्स घ्या, तुमचे त्यांच्याशी जुळवा, मॅक्सिमम लाइकलीहूड पद्धतीने वंशवृक्ष काढा, १,००० बूटस्ट्रॅपसह (फांदी किती पक्की हे पाहणारी फेरतपासणी). फांदीचा आधार ७० टक्क्यांखाली असेल तर जीनोटाइपचे नाव छातीठोकपणे लिहू नका. जागांचे क्रमांक ईकोआरवन या एन्झाइमच्या छेदापासून मोजतात. डी चा नमुना ए च्या संदर्भावर मोजला तर क्रमांक घसरतात आणि नसलेले म्युटेशन ‘सापडते’.

बँडच येत नाही. कुठे चुकले असेल?

बहुधा चुकलेले नसते, विषाणूच कमी असतो. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असलेल्या कितीतरी जणांत डीएनए अगदी थोडा असतो. आधी व्हायरल लोड बघा. तो चांगला असूनही बँड नसेल तर हेपॅरिन, वारंवार वितळवणे, कॉलममध्ये उरलेले इथेनॉल, आणि स्थानिक विषाणूत प्रायमर बसतो त्या जागीच बदल, या क्रमाने तपासा.

उलटा त्रास जास्त धोक्याचा: निगेटिव्ह कंट्रोलमध्येही बँड. नेस्टेड पीसीआरमध्ये पहिल्या फेरीची ट्यूब उघडताच हवेत कोट्यवधी प्रती उडतात. मिश्रण बनवायची, डीएनए घालायची आणि जेल चालवायची जागा वेगळी हवी; पिपेट आणि ॲप्रनही वेगळे. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या रुग्णांचे सिक्वेन्स शंभर टक्के सारखे निघाले, किंवा तुमच्या पॉझिटिव्ह कंट्रोलशी जुळले, तर तो शोध नव्हे, दूषितीकरण आहे.

एस जनुक पुरेसे आहे, की संपूर्ण जनुकसंच हवा?

जीनोटाइपसाठी एस बहुतेक वेळा पुरते. उपप्रकारासाठी कमी पडते. आणि दोन जीनोटाइपांचे तुकडे जोडून बनलेले विषाणू, म्हणजे रिकॉम्बिनंट, एका जनुकावरून दिसतच नाहीत. तिबेटच्या पठारावर सी आणि डी यांचे असे मिश्रण सर्रास आहे. आशियातल्या मुख्य भूमीवरच्या बऱ्याचशा बी मध्ये सी चा तुकडा आहे, जपानमधल्या बी मध्ये तो नाही. आय मध्येही अशी सरमिसळ दिसते. भारताच्या पूर्व सीमेवर काम करताना निदान काही नमुन्यांचा पूर्ण जनुकसंच वाचावाच.

मात्र मिश्रण दिसले की लगेच आनंदू नका. एकाच रुग्णात ए आणि डी दोन्ही असतील तर पीसीआर मध्येच एका साच्यावरून दुसऱ्यावर उडी मारून खोटे रिकॉम्बिनंट तयार करते. पुन्हा डीएनए काढा, कमी चक्रे चालवा, क्लोन करून जोड तीच जागा दाखवतो का ते पाहा.

किती नमुने घ्यावे?

एखादा जीनोटाइप ५ टक्के रुग्णांत असेल आणि तो निदान एकदा तरी सापडण्याची खात्री ९५ टक्के हवी असेल, तर ५९ यशस्वी सिक्वेन्स लागतात. २ टक्क्यांच्या जीनोटाइपसाठी १४९, १ टक्क्यासाठी २९९. लोकसंख्येत एचबीएसएजी ३ टक्के असेल तर नुसत्या ५९ पॉझिटिव्हसाठी दोन हजारांच्या आसपास लोक तपासावे लागतील, आणि कमी विषाणूमुळे वाया जाणारे नमुने धरले तर आणखी जास्त. तेव्हा वीस नमुन्यांवर ‘या जिल्ह्यात सी नाही’ असे लिहिणे धाडसाचे आहे.

नमुने कुठून आले हेही तितकेच बघा. मोठ्या रुग्णालयात सिरोसिस आणि कर्करोगाचे रुग्ण येतात, रक्तपेढीत निरोगी पुरुष जास्त. एकाच घरातले चार सिक्वेन्स म्हणजे चार पुरावे होत नाहीत. घरटी एकच धरा. आणि संशोधनात पॉझिटिव्ह निघालेल्या माणसाला रिपोर्टसह उपचार केंद्राचा पत्ता दिल्याशिवाय नमुना घेऊन निघून येऊ नका.

औषधाला न जुमानणारे बदल जीनोटाइपसोबतच कळतात का?

योग्य तुकडा निवडला तर हो, कारण एस आणि पॉलिमरेज एकाच जागी आहेत. लॅमिव्हुडिनचा जुना अडथळा म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच्या २०४ व्या जागी मेथायोनिनऐवजी व्हॅलिन किंवा आयसोल्युसिन. त्याच अक्षरामुळे एस प्रथिनातही १९५ किंवा १९६ व्या जागी बदल होतो. पूर्वी लॅमिव्हुडिन घेतलेल्याला एन्टेकाविर देऊ नये, टेनोफोविर द्यावे, हे यातूनच आले.

साथ कुठून आली हे जीनोटाइपवरून सांगता येते?

निव्वळ अक्षरावरून नाही. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा इथे असुरक्षित इंजेक्शनांमुळे हिपॅटायटिस बीची मोठी जीवघेणी साथ आली. तिथला विषाणू डी होता, पण त्या भागात डी च नेहमीचा असल्याने तेवढ्याने काहीच सिद्ध होत नव्हते. उपयोगी पडले ते सिक्वेन्सचे एकमेकांशी असलेले जवळपण आणि वर सांगितलेले १७६२, १७६४ व १८९६ या जागांवरचे बदल. साथीच्या तपासात म्हणून त्याच गावातले, साथीशी संबंध नसलेले जुने रुग्णही तपासायला हवेत. तुलनेला काही नसेल तर सगळेच विषाणू एकमेकांचे भाऊ वाटतात.

परदेशी नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत जीनोटाइपने काही फरक पडतो?

नाही. आखाती देशांच्या तपासणीत एचबीएसएजी बघतात. जीनोटाइप कोणता हे तिथे कोणी विचारत नाही आणि तो दाखवून निकाल बदलत नाही. एचबीएसएजी घालवून देतो असे सांगून जाण्याआधी पुड्या आणि काढे विकणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. काही मिश्रणांनी यकृतालाच इजा होते.